'येते हं'ला इंग्रजीत काय म्हणतात?

मराठी घरातून बाहेर पडताना 'जाते' म्हणायची सोय नाही. म्हटलंच, तर आतून कुणीतरी टोकतं, "जाते नको म्हणू, येते म्हण." कोपऱ्यावरून दूध आणायचं असो की नोकरीसाठी पुण्याला जायचं असो, उंबरठ्यावरचं वाक्य एकच: 'येते हं'. जरा सावकाश निघालो तर 'जाऊन येते'.

जपानी माणूस घरातून निघताना म्हणतो, 'इत्ते किमास'. 'इत्ते' म्हणजे जाऊन आणि 'किमास' म्हणजे येतो किंवा येते. आतून उत्तर येतं, 'इत्ते राश्शाई', म्हणजे 'जाऊन या'. शब्दाला शब्द जुळतो, क्रमही तोच.

आता हे वाक्य फोनवरच्या शिकवणीत कसं भेटतं ते पाहा. वर इंग्रजीत लिहिलेलं असतं, 'आय ॲम लीव्हिंग'. खाली चार पर्याय, त्यातून 'इत्ते किमास' निवडायचं. इंग्रजीत या वाक्याला नेमकी जागा नाही, म्हणून खाली एक लांबलचक टीप: जपानी लोक बाहेर पडताना परत येण्याचाही उल्लेख करतात, ही त्यांची खास पद्धत आहे, वगैरे. मराठी मुलगी ही टीप इंग्रजीत वाचते, मनात तिचं मराठी करते आणि मग तिच्या लक्षात येतं की हे तर आपण रोज सकाळी म्हणतो. नाशिकहून नाशिकलाच जायचं होतं, पण व्हाया लंडन.

मी इंदिरानगरला राहते. चार वर्षं जपानी शिकतेय आणि गेलं दीड वर्ष शनिवार-रविवारी नव्या मुलांना व्हिडिओ कॉलवर पहिले धडे शिकवते. कुणी रथचक्र चौकाजवळचं, कुणी पाथर्डी फाट्याचं, कुणी आयटीआय करून अंबडच्या कारखान्यात लागलेलं. बहुतेकांचा सगळा अभ्यास फोनवरच चालतो. दर वेळी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोघं-तिघं गळतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "ताई, माझं इंग्लिश कच्चं आहे."

जपानी शिकायला आलेला मुलगा इंग्रजीमुळे परत जातो, हे मला अजून पचलेलं नाही. म्हणून मी उलट बाजूनं वाचायला लागले. रोजची इंग्रजी वाक्यं जपानीत आणायचा उद्योग सुरू कधी झाला? कुणी केला? आणि त्या दोघींच्या मधली जागा आपल्याही वाट्याला कशी आली?

अन्वय लावणारा देश

परक्या भाषेतलं वाक्य उलगडून आपल्या क्रमानं वाचायची सवय जपानला हजारभर वर्षांहून जुनी आहे. आधी समोर चिनी होती. चिनीत क्रियापद आधी येतं आणि कर्म नंतर, जपानीत क्रियापद शेवटी. जपानी पंडितांनी चिनी मजकूर तसाच ठेवला आणि शब्दांच्या बाजूला बारीक खुणा केल्या: हा शब्द आधी वाचा, इथून मागे या, हा शेवटी घ्या. या पद्धतीला 'कुनदोकु' म्हणतात. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. श्लोकाच्या शब्दांवर आकडे टाकून आपण अन्वय लावायचो, तसंच हे.

संस्कृतशी त्यांचा संबंध एवढ्यावर थांबत नाही. इसवी सन ७३६ मध्ये बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू जपानला पोहोचला आणि ७५२ मध्ये नारा इथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्र उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. बौद्ध मठांमध्ये मंत्रांसाठी संस्कृत वर्णांचा अभ्यास चालत असे. त्या अभ्यासातून जपानी अक्षरांचा आजचा क्रम आला. फोनवर जपानी कीबोर्ड घेऊन बघा. बटणं या क्रमानं लागतात: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. स्वर आधी, मग क-वर्ग, च-वर्गाच्या जागी सा, मग त आणि न, प-वर्गाच्या जागी हा (जुन्या जपानीत त्याचा उच्चार 'प'सारखा होता), मग म, य, र, व. पहिलीतली बाराखडी पाठ असलेल्या मुलाला हा क्रम नव्यानं घोकावा लागत नाही. तरी बहुतेक शिकवण्या सुरू होतात त्या रोमन लिपीतून.

कोळ्याच्या पोराचं पुस्तक

एदो काळात युरोपियनांपैकी फक्त डचांना जपानशी व्यापाराची परवानगी होती, तीही नागासाकीजवळच्या देजिमा या छोट्या बेटावरून. दुभाष्यांची घराणी होती आणि त्यांची भाषा डच. १८०८ मध्ये 'फेटन' नावाची ब्रिटिश युद्धनौका डच झेंडा लावून नागासाकीत घुसली, तेव्हा सरकार खडबडून जागं झालं आणि दुभाष्यांना इंग्रजी शिकायचे हुकूम सुटले. १८१४ मध्ये पहिला इंग्रजी-जपानी शब्दकोश तयार झाला.

पण रोजच्या बोलण्यातली वाक्यं हाताशी आली ती एका कोळ्याच्या पोरामुळे. तोसा प्रांतातला मांजिरो १८४१ मध्ये चौघांबरोबर मासेमारीला गेला आणि वादळात सापडला. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. एका निर्जन बेटावर त्यांनी कित्येक महिने काढले. मग 'जॉन हाउलंड' या अमेरिकी देवमासेमारी जहाजानं त्यांना उचललं. कप्तान व्हिटफील्ड त्याला मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनला घेऊन गेला. तिथे मांजिरो इंग्रजी आणि नौकानयन शिकला. १८५१ मध्ये तो परतला, आणि देशाबाहेर जाणं हाच गुन्हा असल्यामुळे त्याच्या चौकशांवर चौकशा झाल्या. पेरीची जहाजं आल्यावर मात्र त्याच चौकशीखोर सरकारला त्याची गरज पडली.

१८५९ मध्ये मांजिरोनं इंग्रजी संभाषणाचं छोटं पुस्तक काढलं. दोनशेच्या आसपास वाक्यं: तब्येत विचारणं, हवापाणी, वाट विचारणं. प्रत्येक शब्दाला काताकाना लिपीत उच्चार, आणि तो त्यानं पुस्तकातल्या स्पेलिंगवरून न देता कानांनी ऐकला तसा दिला. शब्दाशब्दाला जपानी अर्थ आणि बाजूला त्याच जुन्या खुणा: हा आधी, मागे फिरा, हा शेवटी. चिनी ग्रंथांसाठी घडवलेलं हत्यार त्यानं रोजच्या इंग्रजी वाक्यावर चालवलं.

त्याच वर्षी फुकुझावा युकिची नावाचा तरुण विद्वान नव्या योकोहामा बंदरात फिरायला गेला. वर्षानुवर्षं घासून पक्की केलेली त्याची डच तिथे दुकानाची पाटी वाचायलाही उपयोगी पडेना. तो हादरला आणि दुसऱ्याच दिवशी इंग्रजीच्या मागे लागला. पुढच्याच वर्षी तो आणि मांजिरो एकाच जहाजातून अमेरिकेला गेले. अर्थशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक जपानीत आणताना 'कॉम्पिटिशन'साठी फुकुझावानं 'क्योसो' हा शब्द जुळवला. त्यात 'सो' म्हणजे भांडण. सरकारी अधिकाऱ्यानं तो बघितला आणि भांडणाचा शब्द वरिष्ठांना दाखवता येणार नाही म्हणून हटून बसला. शेवटी फुकुझावानं तेवढा शब्द काळ्या शाईनं खोडून मजकूर दिला. आज जपानीत स्पर्धेला क्योसोच म्हणतात.

'शी' कुठून आणायची?

मोठे शब्द जुळवता येतात, छोटे छळतात. इंग्रजीत 'ही' आणि 'शी'शिवाय पान हलत नाही. जपानीत 'कारे' हा शब्द होता, पण तो 'तो' आणि 'ती' दोघांनाही चालायचा आणि फारसा वापरातही नव्हता. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) युरोपीय कादंबऱ्यांचे ढीग जपानीत यायला लागले, तेव्हा 'ती'साठी 'कानोजो' हा शब्द घडवला गेला. म्हणजे जपानी सर्वनामांमधली ही 'ती' भाषांतरातून जन्माला आली. पुढे बोलीत या दोन शब्दांना वेगळाच अर्थ चिकटला: 'कारे' म्हणजे बॉयफ्रेंड, 'कानोजो' म्हणजे गर्लफ्रेंड.

हा इतिहास माहीत नसेल तर गंमत होते. 'शी इज अ टीचर' या वाक्याचं 'कानोजो वा सेन्सेई देस' हे उत्तर ॲप बरोबर धरतं. पण स्वतःच्या बाईंविषयी कुणी जपानी असं बोलणार नाही. 'बाई आल्या' हे वाक्य घ्या. मराठीत 'आल्या' म्हटलं की आदर क्रियापदातच आला. जपानीत 'सेन्सेई गा इराश्शाइमाश्ता': तिथेही आदर क्रियापदात. मधल्या इंग्रजी वाक्यात 'केम' आहे, आणि ते बाईंनाही लागतं, मांजरालाही. मराठीतला आदर इंग्रजीच्या गाळणीत अडकतो, आणि पलीकडे जपानीत तो पुन्हा पहिल्यापासून, 'ऑनरिफिक व्हर्ब्स' नावाच्या अवघड प्रकरणात शिकावा लागतो.

भाषांतरानं जपानी वाक्याची चालही बदलली. 'अमक्याकडून बांधले गेले' अशा अर्थाची 'नि योत्ते' ही कर्मणी रचना डच पुस्तकांच्या भाषांतरातून रुळली. आपल्याकडे स्वल्पविराम आणि पूर्णविराम मेजर कँडी यांच्या काळात इंग्रजीच्या वळणानं आले. बातम्यांत जिकडेतिकडे दिसणारं 'पोलिसांद्वारे सांगण्यात आले' हेही त्याच वळणाचं. दोन्ही भाषांनी एकाच पाहुण्याला जागा दिली आणि दोघींच्या घरातलं सामान थोडं सरकलं.

वॉशिंग्टनमधला प्रस्ताव, लंडनमधलं उत्तर

१८७२ च्या सुमारास वॉशिंग्टनमधले जपानचे प्रतिनिधी मोरी आरिनोरी यांनी एक विचार मांडला: आधुनिक शिक्षण जपानीतून झेपणार नाही, देशानं इंग्रजीच स्वीकारावी, वाटल्यास थोडी सोपी करून. अमेरिकेतल्या व्हिटनीसारख्या भाषापंडितानंही त्यांना यापासून परावृत्त केलं. खरं उत्तर दिलं ते लंडनमध्ये शिकणाऱ्या बाबा तात्सुई या तरुणानं. तोही मांजिरोच्याच तोसा प्रांतातला. १८७३ मध्ये त्यानं जपानीचं व्याकरण लिहून छापलं, तेही इंग्रजीत, म्हणजे या भाषेला व्याकरण आहे हे इंग्रजी वाचणाऱ्यांनाही दिसावं. त्याचा मुद्दा साधा होता. परकी भाषा नीट शिकायला वेळ आणि पैसा लागतो. तो ज्यांच्याकडे आहे ते पुढे जातील, कष्टकरी मागे राहतील आणि एकाच देशात दोन देश होतील.

बाबाचा हा मुद्दा वाचला तेव्हा मला अंबडहून शिफ्ट संपवून वर्गाला बसणारी मुलंच आठवली.

आपल्याकडे दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापलं गेलं, मोल्सवर्थचा कोश त्याआधी १८३१ मध्ये. साधनं आपल्याकडेही होती. आणि जपानकडे मराठीतून बघणारा माणूसही होता. तोक्योतल्या १९०१ मध्ये स्थापन झालेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली. त्यातून प्रेरणा घेऊन त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, आणि शिकवायची भाषा ठेवली मातृभाषा. जपानबद्दलची माहिती त्यांच्यापर्यंत परक्या भाषेतून आली असली, तरी मुलींसमोर ठेवताना त्यांनी ती भाषा मधून काढून टाकली.

वही कुणासाठी आखली होती?

मग आज मधे इंग्रजी का? याचं एक उत्तर युद्धात आहे. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलानं आपली जपानी भाषेची शाळा कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी हलवली. पुढे जपानी साहित्याचे मोठे अभ्यासक झालेले डोनाल्ड कीन याच नौदलाच्या शाळेतले. युद्धानंतर अमेरिकी विद्यापीठांत जपानी पसरली. एलिनॉर जॉर्डन यांचं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचं पाठ्यपुस्तक कित्येक वर्षं चाललं. ही पुस्तकं उत्तम आहेत, पण ती इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेली आहेत. त्याला जे विचित्र वाटतं तेच त्यात 'अवघड' म्हणून समजावलेलं असतं: क्रियापद शेवटी येणं, शब्दयोगी अव्यय नामानंतर लागणं, कर्ता गाळणं. मराठी मुलाला यातलं काहीच विचित्र नाही. ॲप्सनी ही मांडणी तशीच उचलली, आणि दुसऱ्याच्या अडचणींची यादी आपण आपली समजून घोकत बसलो.

भाषाशास्त्रज्ञांना ही जवळीक कधीच दिसली होती. कॉलिन मासिका यांनी १९७६ च्या त्यांच्या ग्रंथात भारतीय भाषांना बांधणारी लक्षणं नकाशावर मांडली: शेवटी क्रियापद, 'जाऊन-करून'सारखी रूपं, 'मला आवडतं'सारखी वाक्यं. त्यातली बरीचशी मध्य आशियातून थेट जपानपर्यंत पोहोचतात. कोबे विद्यापीठात मराठी आणि जपानीची तुलना करून पुढे जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेत प्राध्यापक झालेले प्रशांत परदेशी यांनी तर या दोन भाषा समोरासमोर ठेवूनच काम केलं.

वर्गात मी हे असं दाखवते. 'खाऊन बघ' म्हणजे 'ताबेते मिते'. 'मिरु' म्हणजे बघणं. 'करून ठेव' म्हणजे 'शिते ओइते'. 'ओकु' म्हणजे ठेवणं. 'खाऊन टाकलं' म्हणजे 'ताबेते शिमात्ता'. 'शिमाउ' म्हणजे आवरून टाकणं. इंग्रजी पुस्तकात ही तीन वेगळी प्रकरणं असतात: प्रयत्न, पूर्वतयारी आणि पश्चात्ताप. मराठीत हा एकाच श्वासाचा धडा आहे, आणि 'सगळं खाऊन टाकलंस?' यातला राग किंवा हळहळही जशीच्या तशी पोहोचते.

'मला जपानी येतं' यात मी काही करत नाही, भाषाच माझ्याकडे येते. 'निहोंगो गा देकिमास' मध्येही तसंच. 'छान आहे ना?' मधला 'ना' म्हणजे त्यांचा 'ने'. हॉटेलात आपण सांगतो, 'मी मिसळ, हा पोहे', आणि वेटर आपल्याला मिसळ समजत नाही. जपानी व्याकरणकारांचं लाडकं उदाहरण आहे 'बोकु वा उनागी दा', शब्दशः 'मी वाम मासा'. इंग्रजीतून शिकवताना या वाक्यावर पानंच्या पानं खर्च होतात. नाशिकच्या कुठल्याही मिसळीच्या टेबलावर ते अर्ध्या मिनिटात कळतं.

आणि पाऊस. 'आमे नि फुरारेता' हे जपानी वाक्य इंग्रजीत 'आय वॉज रेन्ड ऑन' असं काहीतरी होतं. आपण म्हणतो, 'पावसानं गाठलं'. व्याकरण वेगळं आहे, पण कुणीतरी आपल्यावर काहीतरी केलं ही तक्रार तीच आहे.

जिथे मराठीही हात सोडते

सगळं इतकं गोड नाही. 'मांजर आहे' आणि 'टेबल आहे' यांना आपल्याकडे एकच 'आहे'. जपानीत सजीवाला 'इमास', निर्जीवाला 'आरिमास'. 'दिलं' आपल्याकडे दोन्ही दिशांना चालतं. जपानीत मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु', दुसऱ्यानं मला दिलं तर 'कुरेरु'. 'चहा घेणार नाहीस का?' यात मराठीत थोडं आश्चर्य किंवा रुसवा असतो. जपानीत 'नोमिमासेन का' हे चक्क आग्रहाचं आमंत्रण आहे.

नोकरीला जाणाऱ्यांना सगळ्यात मोठी ठेच लागते ती आदराच्याच वाटेवर. बाहेरून फोन आला तर आपण म्हणू, 'साहेब बाहेर गेलेत.' जपानी कंपनीत बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबाला आदर लावत नाहीत. 'सान' गळतं, क्रियापद नम्र होतं: 'तानाका वा देकाकेते ओरिमास'. मराठी मुलाच्या जिभेला हे उद्धट वाटतं. इथे मी मुलांना सांगते की समोरचा परका असेल तर साहेब आपल्या घरातला माणूस होतो, आणि घरच्याचं कौतुक आपणही परक्यासमोर करत नाही. कारण कळलं की जीभ हळूहळू वळते.

हे सगळं फक्त भाषेच्या हौशीपुरतं नाही. २०१९ मध्ये जपाननं कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला आणि २०२१ मध्ये भारतानं त्याबाबत करार केला. त्यासाठी जपानीची परीक्षा लागते. जेएलपीटी ही परीक्षा १९८४ पासून चालते आणि २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत. तिच्या प्रश्नांमध्ये इंग्रजीचं एकही वाक्य भाषांतराला नसतं. वाचायचं जपानीत, ऐकायचं जपानीत, पर्यायही जपानीत. ज्या इंग्रजीच्या धाकानं मुलं तिसऱ्या आठवड्यात पळतात, तिचा त्या परीक्षेत एक गुणही नाही.

म्हणून आमच्या छोट्या वर्गात आता मी इंग्रजी वाक्य देत नाही, प्रसंग देते. पावसात भिजून घरी आलात, आईला काय सांगाल? शेजारच्या काकूंनी डबा दिला, काय म्हणाल? आधी मराठीत बोलून दाखवायचं, मग जपानीत. आणि पुस्तकं ज्याला 'ते-फॉर्म' म्हणतात त्याला आम्ही 'ऊन-रूप' म्हणतो: जाऊन, खाऊन, करून. गेल्या महिन्यात एका मुलानं विचारलं, "ताई, मग याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?" बाकीच्यांनी त्याला उत्तर देऊ दिलं नाही. पुढच्या क्रियापदाचं ऊन-रूप कोण आधी सांगतं, यावर त्यांची पैज लागली होती.